दवाखान्याबाहेरचं निदान

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातली तालुक्याची दोन गावं. पेण भोगावतीच्या काठी, रोहा कुंडलिकेच्या. पेण म्हटलं की महाराष्ट्राला गणपतीच्या मूर्ती आठवतात, पोहे-पापड आठवतात. विनोबांचं गागोदे याच तालुक्यातलं हेही अनेकांना ठाऊक असतं. रोहा म्हटलं की चिंतामणराव देशमुखांचं नाव निघतं, पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं निघतं, धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस देतात त्या सशस्त्र मानवंदनेची गोष्ट निघते. गावाची थोरवी सांगताना डॉक्टरचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. पण याच गावांत साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाजवळ जरा निवांत बसावं, म्हणजे बोलता बोलता एक डॉक्टर हमखास येतो. भर पावसात व्हिजिटला आलेला, बाळंतीण अडली तेव्हा स्वतःच्या गाडीत घालून अलिबागला नेणारा, पैसे नसताना ‘भात झाला की बघू’ म्हणणारा, वाचनालयाच्या सभेत हिशेब तपासणारा आणि मुलाच्या दहावीच्या निकालाची चौकशी करणारा. लोक त्याच्याबद्दल बोलतात ते घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसं.

लहान गावातल्या या घरच्या डॉक्टरचं आयुष्य हा या प्रस्तावनेचा विषय आहे. त्याच्याविषयी आजवर लिहिलं गेलं ते बहुतेक गौरवग्रंथांत आणि श्रद्धांजलीच्या लेखांत. त्यात एक साचा ठरून गेला आहे. आधी त्याच्या वैद्यकीय सेवेची स्तुती आणि नंतर ‘सामाजिक कार्य’ या मथळ्याखाली शाळा, वाचनालय, गणेशोत्सव, व्याख्यानमाला, रक्तदान शिबिरं यांची यादी. जणू सकाळ-संध्याकाळ दवाखाना हे त्याचं काम आणि उरलेल्या वेळातलं गाव हा त्याचा छंद. ही विभागणी मला मुळातच चुकीची वाटते. पेण-रोह्यासारख्या गावात डॉक्टर माणसांत मिसळतो तेव्हाही तो डॉक्टरकीच करत असतो. गाव ओळखल्याशिवाय इथले निम्मे आजार ओळखता येत नाहीत, आणि गावाशी बोलल्याशिवाय ते थांबवता येत नाहीत. हेच मला इथे सविस्तर मांडायचं आहे.

आधी हा डॉक्टर इथे आला कसा, ते पाहू. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं, पण त्याचे पदवीधर कोकणातल्या लहान गावांपर्यंत फारसे पोहोचले नाहीत. १९१२ मध्ये मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या परीक्षा देऊन ‘एलसीपीएस’ झालेले डॉक्टर पुढची अनेक दशकं तालुक्याच्या गावांचा आधार ठरले. वाटही सोपी नव्हती. मुंबईहून बोटीने धरमतरला यायचं आणि तिथून गाडीरस्त्याने पेण गाठायचं, हा जुना मार्ग. रोह्यापर्यंत रेल्वे पोहोचायला १९८६ साल उजाडलं. पुढे कोकण रेल्वे रोह्यापासूनच दक्षिणेकडे निघाली आणि १९९८ पासून थेट मंगळूरपर्यंत धावू लागली. तोवर गंभीर पेशंट मुंबईला न्यायचा की नाही हा निर्णय खाडीची भरती-ओहोटी, एस.टी.ची वेळ आणि घरातली रोकड पाहून घ्यावा लागे. तो बहुतेक वेळा डॉक्टरलाच घ्यावा लागे, आणि तो चुकला तर त्याच गावात, त्याच रस्त्यावर, त्याच घरासमोरून त्याला रोज जावं लागे. शहरातल्या डॉक्टरला हे ओझं सहसा ठाऊक नसतं.

त्या काळचा दवाखाना म्हणजे बाहेरच्या ओटीवर बाकं, आत पडद्यामागे तपासणीचं टेबल, स्पिरिटच्या दिव्यावर उकळणारी काचेची सिरिंज आणि खिडकीपलीकडे कंपाउंडर. कंपाउंडर बाटलीत मिक्स्चर भरायचा, बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा आणि ‘एक-एक खूण, तीनदा’ असं बजावायचा. खेड्यातून आलेल्या बाईला काय झालंय हे अनेकदा आधी त्यालाच कळायचं, कारण ती त्याच्याशी मोकळेपणी बोलायची. डॉक्टरची बायको हे या दवाखान्याचं आणखी एक न नोंदलेलं माणूस. रात्री दार वाजलं की आधी ती उठायची. दूरच्या वाडीवरून आलेल्यांना चहा-भाकरी द्यायची, वाट पाहत बसलेल्या बायकांचं ऐकून घ्यायची, आणि त्यातलं कामाचं तेवढं डॉक्टरच्या कानावर घालायची. या दोघांशिवाय कुठल्याही घरच्या डॉक्टरची गोष्ट पुरी होत नाही.

आता निदानाकडे येऊ. १७०० साली इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. पेशंटला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस? हा प्रश्न पेण-रोह्यात रोज विचारावा लागतो. हमरापूर-जोहे परिसरात घरोघरी मूर्तींचे कारखाने आहेत. तिथली माणसं महिनोन् महिने मांडी घालून, मान वाकवून काम करतात. प्लास्टरची धूळ श्वासात जाते, फवारणीचा रंग छातीत उतरतो. गणपती जवळ आले की रात्र आणि दिवस एक होतात. अशा माणसाचा खोकला आणि मानेचं दुखणं त्याच्या हंगामासकट समजून घ्यावं लागतं. रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. तिथून आलेल्या कामगाराच्या अंगावरचे चट्टे पाहून मलम लिहून देता येतं. पण तो कुठल्या खात्यात आहे, हातमोजे मिळतात का, शेजारच्या माणसालाही तसंच होतंय का, हे विचारल्याशिवाय ते मलम महिन्याने पुन्हा लिहावं लागणार.

पावसाळ्यातला ताप घ्या. कोकणात लावणीच्या दिवसांत तापाचे पेशंट रांगेने येतात. त्यात साधा विषाणूजन्य ताप असतो, मलेरिया असतो, आणि लेप्टोस्पायरोसिसही असतो. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. पहिल्या दिवसांत वेळेवर दिलेलं साधं प्रतिजैविक पुरतं. उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि यकृत गळपटतात. तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबण्यात जोखीम असते, म्हणून सगळी भिस्त संशयावर असते. डोळे लाल आहेत का, पोटऱ्या दाबल्या की दुखतात का, आणि गेल्या आठवड्यात चिखलात उतरला होतास का? यातला तिसरा प्रश्न ज्याला सुचतो, त्याला भातशेती ठाऊक असते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या दंशातही तेच. साप कुठे चावला, किती वाजता, पेंढ्यात की बांधावर की झोपेत, यावरून अनुभवी डॉक्टरला पुष्कळ कळतं. मण्यारीच्या दंशाची खूण कित्येकदा सापडतसुद्धा नाही. जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतं, पापण्या जड होतात, आणि हे पोटदुखीचं दुखणं नाही हे ओळखायला हाताशी फार थोडा वेळ असतो.

गावात मुरलेला डॉक्टर विज्ञानात काय भर घालू शकतो, याचं मोठं उदाहरण याच रायगड जिल्ह्यात आहे. पेण-रोह्यापासून महामार्गाने खाली गेलं की महाड. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी जन्मलेले, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे त्यांनी विंचू चावलेली माणसं मरताना पाहिली. कोकणातला लाल विंचू भातकापणीत, पेंढ्यात, लाकडाच्या मोळीत दडून असतो. तो चावला की भगताकडे विष उतरवायला नेण्याची रीत होती. दवाखान्यात आणलं तरी उपचार वेदना थांबवण्यापुरतेच, कारण पुस्तकांत त्याहून फारसं काही लिहिलेलं नव्हतं. धडधाकट तरुण, शाळकरी मुलं घामाने निथळत, उलट्या करत यायची, हातपाय गार पडायचे आणि काही तासांत श्वास कोंडून जायची.

बावसकरांनी केलं ते ऐकायला साधं वाटतं. ते पेशंटच्या उशाशी बसले. तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा गारवा लिहीत गेले. या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. विषामुळे मज्जातंतूंच्या टोकांतून अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोट सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर प्रचंड ताण येतो, ते थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणजे माणूस विंचवाच्या वेदनेने मरत नव्हता, हृदय हरल्यामुळे मरत होता. त्यांची ही लक्षणांची मांडणी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. मधल्या काळात त्यांनी पुण्यात एम.डी. केलं आणि पुन्हा महाडच्या बाजूलाच परतले. कारण कळल्यावर उपायाचा शोध सुरू झाला. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध त्यांनी वापरून पाहिलं. ती तोंडाने घ्यायची गोळी होती. तिला अतिदक्षता विभाग लागत नव्हता, यंत्रं लागत नव्हती. आडगावच्या आरोग्य केंद्रातही ती देता येत होती. १९८६ साली त्याविषयीचा त्यांचा लेख पुन्हा ‘लॅन्सेट’ने छापला. गंभीर दंशाच्या पेशंटांत चाळीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी महाडमध्ये ७० पेशंटांवर नुसतं प्रॅझोसिन आणि प्रतिविषासह प्रॅझोसिन यांची तुलना करणारी चाचणी केली, आणि ती २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. २०२२ साली बावसकरांना पद्मश्री मिळाली.

हा इतिहास मी इतका विस्ताराने सांगतो, कारण त्याचा अर्थ अनेकदा अर्धवट लावला जातो. खेड्यात राहूनसुद्धा एका डॉक्टरने संशोधन केलं, असं कौतुकाने म्हटलं जातं. माझ्या मते ते खेड्यात राहिल्यामुळेच शक्य झालं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात विंचवाचे इतके पेशंट आलेच नसते. आले असते तर पाळी बदलली की दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असते. बिरवाडीत तोच डॉक्टर, तोच पेशंट आणि पहाटेपर्यंतची तीच रात्र होती. ज्याला मुलगा गमावलेल्या बापाला दुसऱ्या दिवशी बाजारात भेटायचं असतं, त्याला ‘काही करता येत नाही’ हे उत्तर पचत नाही.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या एका खोऱ्यात, एस्गार्थ नावाच्या खेड्यात, विल्यम पिकल्स नावाचा असाच एक डॉक्टर होता. खोऱ्यातलं कुठलं माणूस कोणाला भेटतं, जत्रेला कोण गेलं होतं, कुठल्या शाळेत कोणाशेजारी कोण बसतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यामुळे साथीचा आजार एका घरातून दुसऱ्या घरात किती दिवसांनी पोहोचतो हे तो मोजू शकला. खेड्यातल्या प्रॅक्टिसमधून साथींचा अभ्यास कसा करावा यावरचं त्याचं १९३९ सालचं पुस्तक वैद्यकशास्त्रात मान्यता पावलं, आणि ब्रिटनमध्ये घरच्या डॉक्टरांची संस्था निघाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष तोच झाला. लहान गाव ही संशोधनाची सर्वांत चांगली जागा असू शकते, कारण तिथे पेशंट हरवत नाहीत. पेण-रोह्याच्या जुन्या दवाखान्यांतल्या केसपेपरांकडे या नजरेने पाहायला हवं. त्यांत एकेका घराच्या तीन-तीन पिढ्यांचे ताप, बाळंतपणं, रक्तदाब आणि मृत्यू नोंदलेले असतात.

संकटाच्या दिवशी तर दवाखाना आणि गाव यांतली भिंत उरतच नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला महापूर आला, जांभूळपाडा आणि नागोठणे उद्ध्वस्त झाले. नागोठणे रोहा तालुक्यातलं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात वायुगळतीनंतर स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं गेली. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दरडी कोसळल्या, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं, २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी इथे दरडींनी वस्त्या गाडल्या. रायगड जिल्ह्याचा गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांचा इतिहास आपत्तींनी भरलेला आहे. सरकारी मदत पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास गावातलीच माणसं निभावून नेतात. अशा वेळी कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणाला इन्सुलिन लागतं, कोणाचे दिवस भरत आलेत, ही यादी घरच्या डॉक्टरच्या डोक्यात तयार असते. पाणी ओसरल्यावर विहिरीत क्लोरीन घाला, उकळलेलंच पाणी प्या, चिखल उपसणाऱ्यांनी पायाला जखम असेल तर सांगा, हे त्याने सांगितलं की लोक ऐकतात. एरवी वर्षभर त्याने जी माणसं जोडलेली असतात, ती त्या दिवशी औषधाइतकीच उपयोगी पडतात.

सगळी संकटं इतकी अचानक येत नाहीत. पेण तालुक्यातला खारेपाट घ्या. वाशी, शिर्की, वढाव ही चहूकडून खाडीने वेढलेली गावं. डोळ्यांसमोर पाणीच पाणी आणि प्यायला मात्र टँकरची वाट. हेटवणे धरण याच तालुक्यात आहे, आणि त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. उन्हाळा आला की खारेपाटातल्या बायका हंड्यांसाठी तासन् तास रांगेत असतात. इथल्या जुलाबांवर, मूतखड्यांवर, बायकांच्या कंबरदुखीवर गोळी देणं हे डॉक्टरचं काम आहेच. पण वर्षामागून वर्ष तोच आजार, त्याच गावांतून, त्याच महिन्यात येत असेल, तर त्याचं औषध पाणीपुरवठ्याच्या सभेत मिळतं. तिथे जाऊन बोलणारा डॉक्टर राजकारण करतोय अशी टीका होते. माझ्या दृष्टीने तो तेव्हा आपला व्यवसाय पूर्णत्वाला नेत असतो. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला, तेव्हा तिनेही समाजाकडे पाहणारा, आजार होण्याआधीच तो रोखणारा डॉक्टर घडवावा असंच सुचवलं होतं.

पैशाचं दुखणंही दवाखान्यात येतंच. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि हजारो घरांची ठेव अडकली. निवृत्तीचे पैसे, लेकीच्या लग्नाचे पैसे, मूर्ती विकून साठवलेले पैसे. अशा काळात एखाद्या म्हाताऱ्याचा रक्तदाब आटोक्यात येईना, तर गोळी बदलण्याआधी त्याला गोळी परवडते का, की तो एक दिवसाआड घेतोय, हे विचारावं लागतं. तो प्रश्न त्याला न दुखावता विचारता येणं हे घरच्या डॉक्टरचं कौशल्य, आणि ते तीस वर्षांच्या ओळखीतून येतं.

इथवर मी घरच्या डॉक्टरच्या बाजूने बोललो. त्याच्या मर्यादाही मांडायला हव्यात, नाहीतर हेही लिखाण श्रद्धांजलीच्या साच्यात जाऊन बसेल. डॉक्टर गावाचा होता, पण गाव म्हणजे कोण? बाजारपेठेतली घरं, आळ्यांतली घरं, आगरी-कोळ्यांचे पाडे यांच्याशी त्याचं नातं होतं. कातकरी वाडीपर्यंत ते पोहोचलं का? कातकरी माणूस दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. मुलांच्या लसी अर्ध्यावर राहतात, क्षयाचं औषध मध्येच तुटतं, बाळंतपण भट्टीवरच होतं. त्याचा केसपेपर कुठल्याच दवाखान्यात सलग नसतो. वेल्समधल्या ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या खेड्यात डॉक्टरकी केलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक नियम मांडला होता: जिथे आरोग्यसेवेची गरज सर्वांत जास्त, तिथे ती सर्वांत कमी मिळते. पेण-रोह्याचे डोंगरकपारीतले पाडे हा नियम आजही खरा करून दाखवतात. म्हणून कुठल्याही डॉक्टरचं थोरपण मोजताना मी एक प्रश्न विचारीन: त्याच्या बाकावर कातकरी बाई इतरांच्या बरोबरीने बसत होती का? जिथे उत्तर ‘हो’ आहे, तिथे मला त्या डॉक्टरपुढे मनापासून नमावंसं वाटतं.

दुसरी मर्यादा सवयीची. सुई मारल्याशिवाय गुण येत नाही, सलाईन लावलं की ताकद येते, या समजुती गावात आहेत, आणि अनेक डॉक्टरांनी त्या मोडण्याऐवजी पोसल्या. लागतं त्याहून जास्त प्रतिजैविकं दिली गेली. लोकांचा विश्वास हे मोठं भांडवल आहे, आणि त्याच विश्वासाच्या बळावर ‘तुला सुईची गरज नाही, चार दिवस विश्रांती घे’ हे सांगता येतं. विश्वासाचा असा उपयोग करणारे डॉक्टरही या गावांत होऊन गेले. त्यांची कमाई थोडी कमी झाली असेल, पण त्यांच्या शब्दाला वजन होतं.

गेल्या तीस वर्षांत चित्र झपाट्याने बदललं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. पेशंटला दाद मागायची वाट मिळाली, ते योग्यच झालं. पण त्याबरोबर नात्यात कागद आला, सह्या आल्या, आणि जोखीम घेऊन घरी उपचार करण्यापेक्षा पुढे पाठवलेलं बरं ही वृत्ती वाढली. पुढे पाठवण्यात पैसाही शिरला. २०१३ मध्ये एका निदान केंद्राने पेशंट पाठवल्याबद्दल दिलेला १२०० रुपयांचा धनादेश डॉ. बावसकरांनी परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. ज्या गोष्टीबद्दल सगळे दबक्या आवाजात बोलत होते, ती जिल्ह्यातल्या एका गावच्या डॉक्टरने उघडपणे मांडली. घरच्या डॉक्टरची सगळी किंमत एका गोष्टीत आहे: ‘पुढे जा’ किंवा ‘जाऊ नको’ असं तो सांगतो तेव्हा त्यात त्याचा स्वतःचा काही फायदा नसतो. हा भरवसा तुटला, की त्याच्यात आणि दुकानदारात फरक राहत नाही.

शिवाय महामार्ग रुंद झाला, पनवेल-नवी मुंबईची मोठी रुग्णालयं जवळ आली, शिकलेली मुलं तिकडेच राहिली. विशेषज्ञ हवेतच. हृदयविकाराच्या झटक्यात वेळेवर झालेली अँजिओप्लास्टी कुठल्याही ममतेपेक्षा मोलाची. पण मधुमेह, रक्तदाब, संधिवात आणि म्हातारपणाचं एकटेपण ही चारही दुखणी घेऊन जगणाऱ्या आजीला चार विशेषज्ञांच्या चार चिठ्ठ्यांतल्या अठरा गोळ्यांपैकी कुठल्या सहा चालू ठेवायच्या, हे सांगणारं कोणीतरी एक माणूस लागतं. मुलं पुण्यात किंवा परदेशात आहेत, घरात दोघंच म्हातारी आहेत, अशी घरं पेणच्या आणि रोह्याच्या प्रत्येक आळीत आहेत. घरच्या डॉक्टरची गरज संपली असं म्हणणाऱ्यांनी अशा एखाद्या घरात दुपारी जाऊन बसावं.

म्हणून हा विषय मी आठवणींच्या कप्प्यात टाकू इच्छित नाही. त्यातून दोन कामं निघतात आणि दोन्ही आजच करण्यासारखी आहेत. पहिलं काम जपणुकीचं. बंद झालेल्या दवाखान्यांच्या माळ्यावर केसपेपर, नोंदवह्या, साथीच्या वर्षांच्या याद्या पडून आहेत. पेशंटांची नावं झाकून त्यांचा अभ्यास झाला, तर या जिल्ह्याच्या आरोग्याचा असा इतिहास हाती लागेल जो सरकारी अहवालांत मिळणार नाही. वृद्ध कंपाउंडर, परिचारिका, सुइणी आणि डॉक्टरांच्या पत्नी यांच्या मुलाखती आत्ताच घ्यायला हव्यात. गावातली वाचनालयं आणि महाविद्यालयं हे काम उचलू शकतात.

दुसरं काम शिकवण्याचं. अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या नव्या नियमांनुसार एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या आरोग्याचा मागोवा ठेवायचा, असा कार्यक्रम सुरू झाला आहे. कल्पना फार चांगली आहे. पण कुटुंबाशी नातं कसं जोडायचं, हे अर्ज भरून शिकता येत नाही. ते ज्यांनी चाळीस वर्षं केलं, असे डॉक्टर पेण, रोहा, नागोठणे, महाड इथे अजून दवाखान्यात बसतात. त्या मुलांनी आठवड्यातून एक सकाळ त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून काढावी. पेशंटला काय विचारलं, काय मुद्दाम विचारलं नाही, कोणाला पैसे मागितले नाहीत, कोणाला रागावले आणि का, हे नुसतं पाहावं. एकदा त्यांच्याबरोबर कातकरी वाडीवर जावं, एकदा खारेपाटातल्या टँकरच्या रांगेत उभं राहावं. मग विंचवाच्या, तापाच्या, पाण्याच्या प्रश्नावर याच मुलांतलं कोणीतरी वही उघडून तासातासाला नोंदी लिहू लागेल. या विषयाची ओळख करून देताना मला वाचकांकडून आणि त्या विद्यार्थ्यांकडून एवढीच अपेक्षा आहे: घरच्या डॉक्टरचा गौरव करून थांबू नका, त्याच्याकडून शिकून घ्या, आणि त्याच्या जागी बसायला कोणीतरी तयार होईल असं बघा.